गाईचा नियम बाळंतिणीला लावू नका



रोपे वीतभर वर आली. आठ-पंधरा दिवसांत आमच्या आंदर मावळात, टाकव्यापासून पार वर खांडी-कुसवलीपर्यंत, खाचरे भरतील आणि आवणीची एकच धांदल उडेल. अशा वेळी या सदरात लावणीचे अंतर, युरिया-डीएपीच्या गोळ्या आणि करपा यांवर लिहायचे असते. ते पुढच्या आठवड्यात लिहिणारच आहे. आजचा विषय वेगळा आहे. घरात नुकती बाळंत झालेली सून किंवा लेक असेल, कोणाला सातवा-आठवा महिना लागला असेल, तर हे पान तिला आणि तिच्या सासूला, दोघींना वाचून दाखवा. घरधन्यानेही जवळ बसून ऐकावे.

तुम्ही म्हणाल, साहेब भातातले, त्यांना बाळंतिणीच्या दुखण्यात काय कळते? मी डॉक्टर नाही, हे खरेच. पण हा विषय माझ्याकडे गोठ्याच्या वाटेने आला, म्हणून मला लिहिणे भाग आहे.

गेल्या माघात वडेश्वरच्या पुढे एका वाडीवर हरभऱ्याचा प्लॉट बघायला गेलो होतो. प्लॉट बघून झाला, ओट्यावर चहा झाला, तसा घरचा कर्ता मुलगा आत गेला आणि एक डबी आणून त्याने माझ्या हातात दिली.

"सायेब, ह्ये बगा जरा. तुमच्या जिवाणू खतावानीच हाय म्हणत्यात. दह्यातलं जंतू हायती म्हणं यात. मंडळींना आठवा लागलाय. गेल्या येळंसारखं व्हाया नको."

डबी तळेगावच्या बाजारातून आणलेली, आठशे रुपयांच्या वर किंमत. वर लिहिले होते ‘प्रोबायोटिक’.

गेल्या वेळी काय झाले होते ते त्याच्या आईने सांगितले. सुनेचे पहिले बाळंतपण ज्येष्ठात झाले. सव्वा महिना होतो न होतो तोच आवणी आली. माणूस मिळेना, म्हणून सूनही खाचरात उतरली. सकाळी पाजून गेली की ऊन कलेपर्यंत बाळ आजीपाशी. चौथ्या दिवशी तिची उजवी बाजू दगडासारखी घट्ट झाली, लाल झाली, थंडी वाजून ताप भरला. आजींनी जन्मभर गाई-म्हशी सांभाळलेल्या. त्यांनी बघताक्षणी ओळखले, ही तर दगडी. मग दगडी झालेल्या गाईला करतात तेच केले. त्या बाजूचे बाळाला पाजणे बंद, दूध पिळून उकिरड्यावर. गाठ मोडावी म्हणून तेल लावून रगड रगड रगडले आणि वरून कढत शेक दिला. तीन दिवसांनी गोळ्या आणल्या, तर गोळ्या चालू आहेत म्हणून दुसऱ्या बाजूचेही पाजणे बंद. बाळाला बाटलीने वरचे दूध. शेवटी आत पू झाला, चीर द्यावी लागली, दूध आटले ते आटलेच. बाटलीच्या दुधावर बाळाला त्या पावसाळ्यात दोनदा जुलाब लागले.

"भाऊसाहेब, माजंच चुकलं का वं?" आजींनी विचारले.

मी गप्प राहिलो. कारण दगडीच्या सडाचे दूध डेअरीत घालू नका, वासराला पाजू नका, प्रतिजैविक टोचले की डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध बाजूला काढा, हे घरोघर जाऊन कोणी सांगितले? आम्हीच खात्याच्या लोकांनी. नियम बरोबर आहेत. पण ते गाईचे आहेत, आणि ते बाळंतिणीला लावू नयेत हे सांगायचे मात्र आमच्यापैकी कोणाला सुचले नाही.

दुखणे दोन्हीकडे एकाच कुळातले आहे. गाईला आपण कासदाह म्हणतो, बाईला स्तनदाह. गाईच्या सडाच्या तोंडातून जंतू वर चढतात. बाईच्या बाबतीत बोंडाला चीर पडलेली असते, किंवा दूध वेळेवर न निघाल्याने आतला भाग सुजतो आणि त्यात जंतू वाढतात. दोन्हीकडे बहुधा सापडणारा एक जंतू तर तोच आहे, स्टॅफिलोकोकस ऑरियस. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत याचा त्रास जास्त होतो. छातीचा एक भाग घट्ट, लाल, गरम होतो, ठणकतो, अंगात ताप येतो, अंग मोडून येते. पुष्कळ बायका "दुधाचा ताप" म्हणून अंगावर काढतात.

इथपर्यंत साम्य. पुढे वाटा फुटतात.

गाईचे दूध दहा घरच्या दुधात मिसळून शहरात जाते, अनोळखी माणसांच्या पोटात जाते. त्यात औषधाचा अंश नको, पू नको, म्हणून ते बाजूला काढायचे. आईचे दूध फक्त तिच्या बाळाच्या पोटात जाते. आईच्या अंगावरचे जंतू बाळाला जन्मापासून ओळखीचे असतात, आणि त्यांच्याशी झुंजणारी द्रव्ये त्याच दुधातून बाळाला मिळत असतात. म्हणून पुऱ्या दिवसांच्या धडधाकट बाळाला स्तनदाह झालेल्या बाजूचे दूधसुद्धा बाधत नाही. पाजणे चालू ठेवायचे असते. एकदम बंद केले तर दूध आत तुंबते आणि पू होण्याचा धोका उलट वाढतो. आजींच्या घरी झाले ते हेच. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा फार अशक्त असेल, किंवा आईला एचआयव्हीची बाधा असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच पाजावे, तिथे नियम वेगळा आहे.

गोळ्यांचेही तसेच. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी प्रतिजैविके डॉक्टरांकडे आहेत, आणि स्तनदाहाला ते तीच देतात. औषधाचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो. तेवढ्यासाठी बाळाला उपाशी ठेवायचे कारण नाही. फक्त दवाखान्यात गेल्यावर "मी अंगावर पाजते" हे बाईने स्वतःच्या तोंडाने सांगावे. सासू बाहेर थांबली आणि नवरा नुसता "ताप हाय" म्हणाला, तर डॉक्टर तरी काय ओळखणार? आणि दोन दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत.

आता रगडण्याविषयी. गाईची दगडी झाली की आपण सांगतो, सड पूर्ण रिकामा करा, वरचेवर धार काढा. बाईलाही पूर्वी असेच सांगत, पुष्कळ ठिकाणी अजून सांगतात. पण स्तनपानाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांची ‘अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन’ म्हणून एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने २०२२ साली हा सल्ला बदलला. त्यांचे म्हणणे असे की ती गाठ म्हणजे पाटात अडकलेला गाळ नव्हे. दुधाच्या नळ्यांभोवतीचे मांस सुजलेले असते, त्यामुळे नळी बाहेरून दाबली जाते. रगडले तर सूज वाढते, आतले नाजूक मांस दुखावते. बाळाला लागते त्यापेक्षा जास्त दूध पिळून काढले तर अंग आणखी दूध तयार करते आणि तुंबारा वाढतो. म्हणून बाळाला नेहमीसारखे, ते मागेल तेव्हा पाजावे. पाजून झाल्यावर थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्याची घडी ठेवावी. रगडू नये. हळूच, मांजराच्या पाठीवरून फिरवावा इतका हलका हात फिरवला तर चालतो. चुना, हळद, झाडपाल्याचा लेप बोंडावर लावू नये, तो बाळाच्याच तोंडात जातो. ताप आणि ठणका यांवर कोणती गोळी घ्यायची ते आशाताई किंवा नर्सताई सांगतील. एवढे करून एका दिवसात उतार पडला नाही, किंवा ताप वाढला, गाठ मऊ पडून आत पाणी हलल्यासारखे वाटले, तर थांबू नये. कान्ह्याचे सरकारी रुग्णालय गाठावे.

आता त्या डबीकडे येतो. तिच्यामुळेच तर हे सगळे निघाले.

प्रोबायोटिक म्हणजे काय हे तुम्हाला समजावायला मला जड नाही, कारण तुम्ही ते शेतात वापरता. हरभऱ्याच्या दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम रायझोबियम चोळता ना? उपकारी जिवाणू मुद्दाम वाढवून, मोजून, पाकिटात भरून द्यायचे, त्यातलीच ही गत. तिथे जमिनीत, इथे पोटात. पण रायझोबियमची दोन पथ्ये आठवा. हरभऱ्याचा रायझोबियम सोयाबीनला लागू पडत नाही, जात जुळावी लागते. आणि मुदत संपलेले किंवा उन्हात पडलेले पाकीट म्हणजे नुसती माती. कॅप्सूललाही हीच दोन्ही पथ्ये लागू आहेत.

गरोदरपणात असे जिवाणू घेऊन पुढचा स्तनदाह टळतो का? याचा एक नेमका प्रयोग स्पेनमध्ये झाला, तो २०१६ साली छापून आला. १०८ गरोदर बायका घेतल्या, आणि त्या सगळ्या अशा की ज्यांना आधीच्या बाळंतपणात स्तनदाह झाला होता, म्हणजे आपल्या या सुनेसारख्याच. सुमारे तिसाव्या आठवड्यापासून बाळंत होईपर्यंत निम्म्या बायकांना लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियस या जिवाणूचा एक ठरावीक वाण रोज दिला, एका दिवसाला सुमारे १०० कोटी जिवंत जिवाणू. बाकीच्या निम्म्यांना दिसायला तसेच पण बिनजिवाणूचे. आपण प्लॉटमध्ये एक पट्टा बिनखताचा राखतो तसे. जिवाणू घेतलेल्या ५५ जणींपैकी १४ जणींना स्तनदाह झाला, न घेतलेल्या ५३ पैकी ३० जणींना. फरक लहान नाही.

मग शिफारस करून मोकळे व्हावे? मी नाही करणार. एका प्लॉटवर भात उत्तम आले म्हणून वाण साऱ्या तालुक्याला आपण देत नाही. १९८७ साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने ‘इंद्रायणी’ दिला, तो काय एका खाचरात बघून दिला? २०२० साली कॉक्रेन या संस्थेने स्तनदाह टाळण्याच्या सगळ्या उपायांच्या चाचण्या एकत्र करून तपासल्या, एकूण दहा चाचण्या, ३०३४ बायका. प्रोबायोटिकचा उपयोग होत असावा, पण पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. आणि एक गोष्ट त्यांनी स्पष्ट नोंदवली, ती मला फार खटकली. यातल्या एका मोठ्या प्रोबायोटिक चाचणीचे निकाल, जिवाणू पुरवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारामुळे, त्यांना मिळालेच नाहीत. बियाण्याच्या कंपनीने चांगल्या आलेल्या प्लॉटचा शेतीदिन करावा आणि दुसऱ्या प्लॉटकडे जाणारी वाटच बंद ठेवावी, तर तुम्ही काय समजाल?

प्रोबायोटिक थोतांड आहे, असेही नाही. आपल्याच देशात, ओडिशातल्या खेड्यांत, साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जिवाणू त्याला पोसणाऱ्या एका साखरेसह आठवडाभर दिला. जंतुसंसर्गाने गंभीर आजारी होणाऱ्या किंवा दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण शंभरात ९ होते, ते ५.४ वर आले. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. पण तो वाण वेगळा, काम वेगळे, आणि दिला तो बाळांना, देखरेखीखाली. बाजारातल्या डबीवर नुसता ‘प्रोबायोटिक’ शब्द आहे म्हणून ती डबी हे काम करील, असे होत नाही.

त्या मुलाला मी इतकेच म्हटले, की डबी फेकू नको आणि तिच्यावर भारही टाकू नको. पुढच्या तपासणीला बायकोबरोबर तू स्वतः जा आणि डॉक्टरांना डबी दाखव. डबीवर जिवाणूचे पूर्ण नाव, वाणाचा क्रमांक, जिवंत जिवाणूंची संख्या, मुदत आणि थंड ठेवायचे की नाही, एवढे पाहिजे. नसेल तर आठशे रुपयांची डाळ, अंडी, भाजी आण.

"मंग दही?" आजींनी विचारले. दही खावे, ताक प्यावे, गरोदरपणी तर जरूर. त्यात प्रथिने आहेत, चुना आहे, माळकरी घरात एरवी मिळायला अवघड असलेले बी-१२ जीवनसत्त्व आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. ज्यांच्या खाण्यात दूधदुभते, पालेभाजी, फळे होती त्यांची बाळे जन्मतः चांगली भरलेली होती, आणि ज्यांना शेतातले-घरातले कष्ट जास्त पडले त्यांची बाळे लहान होती, असे त्यात दिसले. पण घरच्या विरजणात कोणता जिवाणू किती आहे हे कोणी मोजलेले नाही. दही हे अन्न आहे, स्तनदाहाचे औषध म्हणून त्याच्याकडे बघू नये. आणि एक. दूध उकळून, कोमट करून मगच विरजण लावा. निरशा दुधातून ब्रुसेला जंतू येऊ शकतो, ज्याने गाई गाभडतात. गरोदर बाईला निरसे दूध, निरशाचे दही, दोन्ही नको.

आता खरी गोष्ट सांगतो. त्या सुनेचे दुखणे कशाने सुरू झाले? दही कमी पडले म्हणून नव्हे. सकाळी पाजून गेलेली बाई दुपार कलेपर्यंत चिखलात वाकलेली होती, म्हणून. दोन-अडीच तासांनी ज्याला पाजायचे ते बाळ एक कोस दूर आणि छाती भरून घट्ट. आवणीच्या दिवसांत हे घरोघर होते, आपण त्याकडे बघत नाही इतकेच.

माणूस मिळत नाही, पाऊस थांबत नाही, रोपे म्हातारी होतात, हे मला तुम्ही सांगायला नको. तरीही तान्ह्या बाळाची आई इर्जिकीत मोजू नका. ज्यांच्या घरी इर्जिक जाते त्यांनीही तिच्या बदल्याचा माणूस मागू नये. सव्वा महिना पुरा झाला म्हणजे अंग भरून आले, असे होत नाही. अगदीच जावे लागले तर बाळाला बांधाजवळ, कोरड्या आडोशाला आजीपाशी ठेवावे आणि आईला दर दोन-अडीच तासांनी वर बोलवावे. हातपाय धुऊन तिने पाजावे, अर्धा तास जाईल. किंवा सकाळी निघताना स्वच्छ हाताने, स्वच्छ उकळलेल्या स्टीलच्या वाटीत दूध काढून झाकून ठेवावे. चार तासांच्या आत ते वाटी-चमच्याने बाळाला पाजता येते. बाटली नको. शेतात छाती फारच भरून आली तर घट्टपणा सैल होईल इतपत दूध हाताने काढावे, पार रिकामी करायला जाऊ नये.

आणि बोंडाला चिरा का पडतात? बाळ नुसते टोक चोखते म्हणून. पाजताना बाळाचे तोंड मोठे उघडले पाहिजे आणि बोंडाभोवतीच्या काळ्या भागाचा बराचसा भाग तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे. दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कडेला घालून सोडवावे आणि पुन्हा लावावे. हे बाळंतपणानंतर पहिल्या दोन दिवसांत, दवाखान्यात असतानाच नर्सताईकडून शिकून घ्यावे. लाजू नये.

त्या वाडीवरची सून चैत्रात बाळंत झाली, मुलगी झाली. कॅप्सूल डॉक्टरांनी बघितल्या, डबीवर वाणाचे नाव नव्हते, त्यांनी नको म्हटले. पाचव्या आठवड्यात तिच्या डाव्या बाजूला एक गाठ आली आणि कणकण आली. या वेळी आजींनी रगडले नाही. माठातल्या पाण्याची घडी ठेवली, पोरीला त्याच बाजूला पाजायला लावले, आशाताईला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी गाठ विरली. एका घरच्या अनुभवावरून मी काही सिद्ध करत नाही. वर स्पेनच्या प्रयोगाबद्दल जे बोललो ते मलाही लागू आहे.

परवा रोपे बघायला गेलो तेव्हा आजींना विचारले, औंदा आवणीचे कसे? म्हणाल्या, "सून पोरीपाशी ऱ्हाणार. मी उतरंन खाचरात. कंबर धरलीय, पर चार दिसांचं काम हाय." मुलगा शेजारीच उभा होता, म्हणाला, "न्हाई सायेब, आयलाबी उतरू देत न्हाई. भावकीतलं तिघं येत्यात, त्यांच्या खाचरात मी जानार."

पुढच्या आठवड्यात: चारसूत्री लावणी आणि गोळी खत खोचण्याची रीत.